पहिली फेरी

"दोन-दोन स्वेटर घालायचे आणि वर कानटोपी," बायको म्हणाली. "पाळणा वर गेला की तळ्याकडून वारा येतो. कान बधिर होतात."

फिटरने ताटातून मान वर केली नाही. मुलांना मात्र जेवण सुचत नव्हतं. थंडीत पार्क बंद ठेवून सगळे पाळणे, घसरगाड्या खोलून दुरुस्त करायचे, आणि रविवारी ते पुन्हा उघडणार होतं.

"पप्पा, सगळ्यांच्या आधी आपण बसायचं ना?" थोरलीने विचारलं.

"हं."

नियमच होता तसा, मालकाने घालून दिलेला. ज्या फिटरने मोठा पाळणा दुरुस्त केला, त्याच्याच बायकोमुलांनी पहिल्या फेरीला पहिल्या डब्यात बसायचं. बटण मालक स्वतः दाबायचा. "बायकापोरं बसणार म्हटलं की नटबोल्ट आपोआप घट्ट होतात," असं तो वर सगळ्यांना ऐकवायचा. गेल्या वर्षी नेमकं बायकोचं डोकं दुखलं होतं, त्याआधी मुलांना ताप होता. दोन्ही वेळा मदतनिसाचं कुटुंब बसलं. खरं तर ही नोकरी तिनेच कुठूनशी शोधून आणली होती. पण पार्कात यायचा विषय निघाला की तिचं काहीतरी दुखायचंच.

"चाक फिरतं, मग डबा उलटा का नाही होत?" धाकट्याने विचारलं.

फिटरने कप घेतला, कपाच्या कानातून पेन्सिल घातली आणि पेन्सिल आडवी धरून हवेत गोल फिरवली. "हा कप म्हणजे डबा. पेन्सिल म्हणजे पिन. डबा पिनेला नुसता लटकलेला असतो. म्हणून चाक कसंही फिरो, कपाचा कान वरच. बघितलंस?"

धाकट्याने स्वतः फिरवून बघितलं. त्याला ते फार आवडलं.

"आणि पेन्सिल मोडली तर?" थोरलीने विचारलं.

फिटरने कप काढून घेतला. "जा, कानटोप्या शोधा आधी. दरवर्षी एक हरवलेली असते."

मुलं आतल्या खोलीत पळाली. फिटरने ताट बाजूला सारलं.

"पहिल्या डब्याची पिन झिजलीय," तो हळूच म्हणाला. "नवी मागितली, तर मालक म्हणतो, वेल्डिंग मार, या वर्षी भागेल. तपासनीस आला आणि चहा पिऊन गेला."

"तुम्ही नीट सांगितलंत त्यांना? पिन तुटेल म्हणून?"

"तोंडावर सांगितलं. म्हणाला, बायकापोरं तुझी आहेत, काळजी तू घे."

ती ताटं गोळा करत होती. तिचा हात थांबला.

"असं म्हणाले?"

"असंच. मी अडून बसलो तर मला घरी पाठवेल आणि मदतनिसाची पोरं बसवेल. दुपारी तर फाटकाबाहेर रांग लागणार. तुझं डोकं दुखतंय असं सांगतो. तुम्ही येऊ नका. पुढचं मी बघतो."

तिने ताटं मोरीत ठेवली. पाणी सोडलं, मग बंद केलं.

"खोकला कमी झाला का त्यांचा?"

"कुणाचा?"

"मालकांचा. तुम्हीच म्हणत होतात, थंडीत फार खोकतात."

"तुला त्याच्या खोकल्याचं काय पडलंय? त्या केबिनमध्ये एकटा घुबडासारखा बसतो. घरी वाट बघणारं कुणी नाही. त्याला दुसऱ्याच्या पोरांची काय फिकीर?"

 ती पदराला हात पुसत म्हणाली, "आम्ही येणार. मुलंही येणार."

"वेड लागलंय का तुला?"

"लग्न झाल्यापासून कधी हट्ट केला मी?"

केला नव्हता. तिला माहेरच नव्हतं. भांडण झालं तरी बिचारी रुसून जाणार कुठे, असं तो थट्टेने म्हणायचा.

"पोरांच्या जिवाशी खेळ नको," तो म्हणाला.

"चाक फिरणार नाही," ती म्हणाली. "माझा शब्द."

त्याच्या डोक्यात उजेड पडला. मेन स्विच पाळण्याच्या पायथ्याशीच होता आणि तिथे फिटरच उभा राहायचा. ऐन वेळी खटका ओढायचा, सगळ्या कामगारांसमोर पिन दाखवायची. मग मालक झाकणार तरी काय? नोकरी जाईल. जाऊ दे. त्याने मान हलवली.

रविवारी धुकं खाली उतरलं होतं. पार्कातला प्लास्टरचा राजवाडा ओलाकच्च दिसत होता. कामगार खिशात हात घालून उभे होते. मालक खोकत खोकत केबिनमधून बाहेर आला.

"आलं का रे खटलं? यंदा ताप नाही कुणाला?"

कामगार हसले. फिटर हसला नाही.

बायकोने तोंडाभोवती शाल गुंडाळून घेतली होती, फक्त डोळे दिसत होते. ती मुलांना घेऊन पहिल्या डब्यात बसली आणि दोघांना अंगाशी ओढून घेतलं. फिटरने डब्याची कडी लावली. वरून पिनेचा बारीक करकर आवाज आला. तो स्विचपाशी गेला. खटक्यावर हात ठेवला.

"बसलात नीट?" मालक ओरडला आणि त्याने अंगठा बटणावर ठेवला.

बायकोने सावकाश शाल सोडून मांडीवर ठेवली आणि मालकाकडे सरळ पाहिलं. मालकाचा खोकला घशातच अडकला.

"दाबा ना, बाबा," ती त्याला म्हणाली. "तुमची नातवंडं खोळंबलीत."