‘गेस्ट’ची व्याख्या
मुलांचे इंग्रजी शब्दकोश काढणाऱ्या कचेरीत एकच कायदा होता: व्याख्या पोराला वाचून दाखवायची, त्याने शब्द ओळखला की ती पास. ‘टायगर’ची व्याख्या ऐकून “आजी!” म्हटल्यापासून संपादकबाईंचा नातू सक्तीच्या रजेवर होता. म्हणून व्याख्या लिहिणाऱ्याने आपली लेक तिच्या आईकडून तासाभरासाठी मागून आणली. घटस्फोटानंतर तो महिन्यातून एकदा तिच्याकडे जाई. बाबा हुशार आहे, एवढं तरी तिने घरी सांगावं, ही आशा होती. “ऐक हं, राणी. कधीतरी घरी येतो, खाऊ आणतो, चहा पितो आणि जातो. कोण?” उत्तर ‘गेस्ट’ होतं. लेकीने खुर्चीतच उडी मारली. “सोप्पंय! फादर!” सगळ्यांनी कागदांत डोकी खुपसली. “अगं, हा तुमच्या घरी राहत नाही,” त्याने खूण सांगितली. “तेच तर! फादरच!” “व्याख्या पास,” संपादकबाई म्हणाल्या, “शब्द तेवढा बदला.”