पुलावरचा जादूगार

जादूगार पुलाच्या मध्यावर पुन्हा मेला.

थोरल्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पलंगाकडे पाहिलं. धाकटा टक लावून पडद्याकडे बघत होता. डोळे उघडे म्हणजे हवंय, मिटले म्हणजे नको. हा नियम घरानंच ठरवून टाकला होता, कारण पक्षाघाताचा झटका आल्यापासून धाकट्याच्या अंगात पापण्या आणि बुबुळं सोडली तर काही हलत नव्हतं.

अजून एकदा खेळू का, असं थोरल्यानं विचारलं. डोळे उघडेच. मग काय, पुन्हा पुलाच्या अलीकडून सुरुवात.

खरं तर हा खेळ चौघांच्या टोळीनं खेळायचा. पुढे तलवारवाला, बाजूला चोर, जखमा भरायला वैदीण आणि या सगळ्यांच्या आडोशाला जादूगार. पूर्वी दोघं भाऊ मिळून खेळत तेव्हा तलवारवाला धाकट्याचा असे आणि जादूगार थोरल्याचा. उरलेले दोघे खेळातल्या सराईतून भाड्यानं घ्यायचे. पूल आला की धाकटा पुढे घुसायचा आणि ओरडायचा, "दादा, माझ्या मागे राहा."

आता पुढे कोणीच नव्हतं. जादूगार म्हणजे नुसता काडीपैलवान. अंगावर कापडी झगा, एक फटका बसला की आडवा. मंत्र संपले की पळत सुटायचं, लपून बसायचं, मंत्र परत भरले की पुन्हा मार खायला हजर. थोरल्याला या खेळाचा मनापासून कंटाळा आला होता.

सोबती घेऊन पाहिले नव्हते असं नाही. सुरुवातीलाच त्यानं सराईतून एक तलवारवाला घेतला होता. पहिली टेकडी हा हा म्हणता पार झाली. थोरला कधी नव्हे तो खुर्चीत रेलून हसला. वळून बघतो तर धाकट्यानं डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी वैदीण घेऊन पाहिली, तर तेच. हाका मारल्या तरी ढिम्म.

थोरल्यानं काय ते ओळखलं. लहानपणी रुसला की हा असाच डोळे मिटून पडायचा, जेवायलासुद्धा उठायचा नाही. आपली जागा दुसऱ्याला दिलेली कोणाला आवडेल? थोरल्याला गलबलून आलं. त्यानं सगळ्या सोबत्यांना सराईत परत पाठवलं आणि एकट्या जादूगाराला घेऊन बसला. मग मात्र धाकट्याचे डोळे खेळ संपेपर्यंत मिटले नाहीत.

घरातही तेच झालं. थोरल्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. दीर अंगानं मोठा, त्याला कुशीवर वळवणं तिला एकटीला जमत नसे. म्हणून तिनं एक मदतनीस शोधून आणला. दणकट, शांत माणूस, हाताला सवय असलेला. त्यानं धाकट्याला पुसलं, कपडे बदलले, आणि थोरल्याला सांगितलं की तुम्ही जरा पाठ टेका. थोरला शेजारच्या सतरंजीवर आडवा झाला तो घोरायलाच लागला. उठून बघतो तर धाकट्याचे डोळे मिटलेले. मदतनीस येत होता तोवर रोज हेच चाललं. शेवटी थोरल्यानं त्या भल्या माणसाची माफी मागून त्याला निरोप दिला.

"रुसला तर रुसू दे की," बायको म्हणाली. "तुम्ही अंथरूण धरलंत तर दोघांचं मी एकटी कशी करू?"

"त्यानं नको म्हटलंय."

"आणि तुम्हाला काय हवंय, ते कोणी विचारायचं?"

थोरला धाकट्याची उशी सारखी करायला गेला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याच आठवड्यात चाकावर हात ठेवून त्याला डुलकी लागली, गिऱ्हाइकाची काच वाया गेली आणि बोटांची सालं निघाली. मालकानं बजावलं की पुन्हा असं झालं तर घरीच बसा.

धाकट्याचंही काही बरं नव्हतं. रात्री उशी सरकवायला उठावं तर हा टक्क जागा. डोळे लालभडक. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवून पाहिली, उपयोग शून्य. खेळाचं वेड आहे हो त्याला, असं थोरला त्यांना कौतुकानं सांगायचा आणि घरी येऊन पुन्हा पुलावर मरायचा.

मग वाचा-उपचार करणाऱ्या बाई यायला लागल्या. त्यांच्याकडे अक्षरं लिहिलेली पारदर्शक पाटी होती. ती मध्ये धरून त्या धाकट्यासमोर बसत, त्याची नजर कोणत्या अक्षरावर थांबते ते बघत आणि एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत. आधी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मग वहिनीचं. आज बाई म्हणाल्या की याला जे म्हणायचं असेल ते म्हणू द्या.

बायको हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. थोरल्यानं खेळ लावूनच ठेवला होता. हा काय मागणार, याची त्याला खात्री होती.

"दा," बाई म्हणाल्या. "दा."

थोरल्याचे डोळे भरून आले.

"ए. क. टा."

"हो रे, एकटाच खेळतो मी," थोरला घाईघाईनं म्हणाला. "तुझ्या जागी कोणाला घेत नाही. घेणारही नाही."

बाईंनी हातानंच त्याला थांबवलं. त्याचं अजून संपलेलं नाही, म्हणाल्या. धाकट्याची नजर पाटीवर हळूहळू सरकत राहिली, थांबत राहिली. बाई आता मोठ्यानं उच्चारत नव्हत्या, मनातल्या मनात जुळवत होत्या. पडद्यावर जादूगार पुलाच्या तोंडाशी उभा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी पाटी खाली ठेवली आणि थोरल्याकडे वळल्या.

"'दादा एकटा असला की काळजी वाटते,'" त्या म्हणाल्या. "'त्याच्या सोबत कोणी असलं, तरच मला झोप लागते.'"