एकही धक्का नाही

गेल्या पाडव्याला सोसायटीचा चित्ररथ भिवाशेठच्या ट्रॅक्टरने ओढला, तेव्हा धक्क्यांनी जिजाऊ झालेल्या देवयानीची नथ दोनदा पडली होती. म्हणून यंदा तिच्या नवऱ्याने, केदारने, आपली फोर बाय फोर जीप पुढे केली. घेतल्यापासून ती जीप ठाकुर्लीच्या पुलापलीकडे फारशी गेली नव्हती आणि देवयानी ते त्याला येताजाता ऐकवायची.

"यंदा नथ नुसती हलली तरी सांग," केदार म्हणाला, "जीप विकून टाकतो."

गर्दीत कुणाला लागू नयेत म्हणून त्याने बाजूचे आरसे मिटले. मागच्या काचेवर सोसायटीचा बॅनर होताच. भागशाळा मैदानातून ढोल-ताशांच्या गजरात तो निघाला आणि पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, ब्रेकवर अलगद पाय ठेवत फडके रोडला आला. दोन्ही बाजूंनी लोक हात हलवून काहीतरी ओरडत होते. तोही सगळ्यांना हसून नमस्कार करत होता. शेजारी बसलेल्या बाळकाकांना तो म्हणालासुद्धा, "काका, गाडीची ताकद बघा. मागे चित्ररथ आहे असं वाटतच नाही."

काकांनी कौतुकाने मान डोलावली.

गणपती मंदिरापाशी त्याने गाडी थांबवली आणि उतरायच्या आधीच ऐटीत देवयानीला फोन लावला. "बोल, बसला एक तरी धक्का?"

 

"अजिबात नाही," ती म्हणाली. "आम्ही अजून भागशाळेतच आहोत."