आधी नाव विचार

तळवड्याच्या ऑफिसातल्या त्या कीबोर्डची विजयश्रीला शिसारी यायची. आधीच्या शिफ्टच्या वडापावचं तेल त्यावर कायम चिकटलेलं. हात धुवायला काय होतं मेल्यांना!

आज तिला चाकणच्या प्लांटमधलं एक जुनं कॉम्प्युटर-मशीन इथूनच बंद करायचं होतं. त्यासाठी एका सर्व्हरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरावं लागे.

"आधी त्याचं नाव विचार गं, मगच बंद कर," शेजारून गणराज म्हणाला. "नाहीतर भलतंच बंद करशील."

तिने कमांड टाइप करून नाव विचारलं, स्क्रीनवर उत्तर बरोबर आलं, तिने बंद करायची कमांड देऊन मशीन बंद केलं. मग एकेका सर्व्हरमधून बाहेर पडत ती आपल्या कॉम्प्युटरवर आली आणि तो किळसवाणा कीबोर्ड तिने लांब ढकलला.

तरीही स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली. कोणीतरी नाव विचारत होतं.

प्रत्येक अक्षरासरशी एक तेलकट बोट तिच्या दातांवर दाबलं जात होतं, आतून. शिळ्या तेलाची चव घशापर्यंत उतरली. तिला ओकारी आली, पण तोंड उघडेना.

स्क्रीनवर उत्तर आलं: विजयश्री.

बोट क्षणभर थांबलं, नाव जुळतंय का ते पाहिल्यासारखं. मग ते मघाचीच बंद करायची कमांड तिच्या दातांवर दाबू लागलं.