ओठांवरची नावं

लेकीला, माऊला, शाळेत सोडून मी डबिंगला आले. सिनेमा एका कॅथलिक संतिणीवर होता. ज्या त्या दिवशी जे मरणार, त्यांची नावं घेऊन ती रोज सकाळी प्रार्थना करायची, अशी तिची ख्याती.

प्रार्थनेच्या दृश्याला संवादच नव्हता. मला फक्त श्वास द्यायचा होता.

"ताई, तिचे ओठ हलतायत," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "काहीतरी भरा."

सतरा वर्षं मी परक्या ओठांवर शब्द बसवतेय. तोंड आता मला विचारत नाही. "बापू," मी म्हणून गेले.

त्याचा चेहरा उतरला. "हे माझ्या भावाचं घरातलं नाव. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ओठच तसे हलले."

त्याने भावाला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. मशीन चालूच सोडून तो बाहेर धावला.

दृश्य पुन्हा सुरू झालं. तेच टेकलेले गुडघे, तेच मिटलेले डोळे. ओठ मात्र या वेळी वेगळे हलले. आधी मिटले, मग उघडले, मग गोल झाले.

मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

हेडफोनमध्ये माझाच आवाज आला, तिच्या ओठांवर चपखल बसलेला.

"माऊ."