आज दुखतंय का?

शिडीच्या वरच्या पायरीवर रंगाऱ्याच्या पोटात अशी कळ आली, की हातातला ब्रश सुटून थेट खाली उभ्या मुकादमाच्या डोक्यावर पडला. छातीच्या जरा खाली, बरगड्या मिळतात तिथं, कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं होत होतं. बिचारा शिडीला मिठी मारून उभा राहिला.

"काल जास्त झाली वाटतं," कपाळावरचा हिरवा रंग पुसत मुकादम म्हणाला.

"सोडली मी."

"हो रे बाबा. मीही सोडतो. रोज सकाळी."

बाकीचे रंगारी खो खो हसले. गंमत अशी, की त्यानं खरंच सोडली होती. पण आजवर इतक्या वेळा सोडली होती, की आता खरी सोडली तर ते कुणाला पटेना.

सोडली ती बायकोच्या धाकानं. "पुन्हा घेतलीत तर मी चालले माहेरी," असं ती म्हणाली होती, आणि नुसती म्हणाली नव्हती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. कामावरून आला की तो आधी त्या बॅगेकडे बघायचा. ती जागेवर दिसली की जिवात जीव यायचा. पण इतके दिवस झाले तरी बायको ती रिकामी काही करीना.

एरवी मात्र ती अगदी बदलली होती. पूर्वी ताट आदळायची, आता थर्मासात आलं घातलेला गोड चहा भरून द्यायची. "थेंबभरसुद्धा उरवू नका हं," असं बजावायची. संध्याकाळी थर्मास उलटा करून बघायची आणि विचारायची, "आज दुखतंय का?" तो "हो" म्हणाला की तिचा चेहराच पडायचा. आपल्या पोटासाठी हिचा जीव किती तुटतोय, या विचारानं त्याला गहिवरून यायचं. चहा जरा कडवट लागायचा खरा, पण एवढ्या मायेनं दिलेल्या चहाला नावं कोण ठेवणार?

शेवटी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला आडवं केलं आणि दोन बोटं पोटात रुतवली. तो कळवळला.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही."

"नीट आठवा. एखाद्या गोळीनं, पुडीनं नेमकं इथंच दुखतं. तुमच्या त्या थिनरच्या वासानंही दुखेल."

"तोंडाला फडकं बांधतो साहेब. आणि गोळी तर डोकं फुटायची वेळ आली तरी घेत नाही."

"आणि पिणं?"

"सोडली मी."

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायको भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत होती. "सगळे हेच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशीपासून चहा आणखी कडू लागायला लागला आणि कळाही वाढल्या.

मग मात्र रंगाऱ्याचं डोकं फिरलं. न पिता बदनामी होतेच आहे, तर पिऊनच होऊ दे! जेवणाच्या सुट्टीत तो मुकादमाजवळ जाऊन बसला. मुकादमाची बाटली रंगाच्या रिकाम्या डब्यात लपवलेली असायची, कारण घरी तो एकदम सज्जन माणूस होता.

"फुकट नाही हं," मुकादम म्हणाला. "तुझा चहा मला."

सौदा ठरला. एकानं बाटलीला तोंड लावलं, दुसऱ्यानं थर्मास रिकामा केला. मग ते रोजचंच झालं.

आणि काय आश्चर्य! थोड्याच दिवसांत रंगाऱ्याचं पोट एकदम गप्प. गडी शिडीवर शीळ घालत भिंती रंगवायला लागला. सोडली म्हणूनच दुखत होतं, अशी त्याची खात्रीच झाली. मुकादम मात्र आता खाली डब्यावर पोट धरून बसायचा.

"काल जास्त झाली वाटतं," रंगारी वरून विचारायचा.

घरी बायको थर्मास उलटा करायची. "आज दुखतंय का?" "नाही." ती दिवसागणिक खुलत गेली.

एका संध्याकाळी तो आला, तर दाराशी बॅग नव्हती. गेली! कळलं हिला! तो आत धावणार, तोच स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. मुकादमाची बायको येऊन बसली होती.

"ही दारू सोडवायची पूड चहात एक चमचा घालायची, बस. त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. पोटात दुखतंय तोवर समजायचं, चोरून घेतात. दुखायचं थांबलं की सुटली. सगळं डबीवर लिहिलंय."

"अगं बाई! आमचे तर म्हणतात, कधी शिवलो नाही. पण हल्ली रोज पोट धरूनच घरी येतात."

"मग घेतातच! तुम्ही सरळ दोन चमचे घाला. ह्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं, तेव्हापासून मी दोनच केले होते."

"आणि तोंडाचा वास?"

"तो येतो थोडे दिवस. आतली जुनी बाहेर पडते म्हणे."

रंगाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शुद्धीत होतो तेव्हा हिनं माझ्या पोटाची होळी केली! आत जावं, ती डबी हिच्यासमोर आपटावी आणि एकदा सगळं खरं सांगून टाकावं. तो दोन पावलं पुढं झालाही. तेवढ्यात त्याला बॅग दिसली. खुंटीला लटकत होती. रिकामी.

बायकोनं त्याला पाहिलं. डबी झटकन मुकादमाच्या बायकोच्या पिशवीत गेली.

"हे बघा, आलेच," बायको हसून म्हणाली. किती दिवसांनी ती अशी हसली होती! "विचारा ना ह्यांनाच."

रंगाऱ्यानं तोंडातला वेलदोडा गालात सरकवला आणि मान जरा पलीकडे वळवली.

"सोडली मी," तो म्हणाला, आणि या खेपेला दोघींनाही ते लगेच पटलं.