आधी आशीर्वाद

रिबकाबाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि उपासनेच्या सुरुवातीलाच शेवटचा आशीर्वाद देऊन टाकला. चर्चचे पाळकसाहेब तापाने झोपलेले. आयुष्यात पहिल्यांदाच उपासना चालवायची, तर घाबरून सगळं उलटंच झालं!

"आमेन," म्हणत अकराही बायका सवयीने उठल्या. अकरा जणींचीच ती मंडळी. आशीर्वादानंतर दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवायचा, ही पाळकसाहेबांची रीत रिबकाबाईंना पाठ होती. त्या धावत दाराशी गेल्या.

बाहेर कडुलिंबाखाली नवरे. दर रविवारी बायकोला सोडायचं, तासभर राजकारण कुटायचं आणि आमेन ऐकू आलं की गाडीला किक मारायची, एवढीच त्यांची भक्ती.

"वा! आज पाच मिनिटांत सुटलं?" हेडमास्तर लोंढे खुशीत पायरी चढून आले. रिबकाबाईंनी त्यांचा हात धरला, तो सोडलाच नाही.

"सुटलं कुठलं, मास्तर? आत्ता कुठे सुरू होतंय. चला आत!"

रांगेतल्या बायका खो खो हसायला लागल्या. खुद्द मास्तरच चपला काढून आत गेलेले बघून बाकीच्यांचाही नाइलाज झाला. सतरंजी पुरेना. पहिलं गीत असं दणक्यात झालं, की पेटीचा आवाजच कुणाला ऐकू येईना. रिबकाबाईंचे पाय तर जमिनीला टेकत नव्हते.

पुढच्या रविवारी कडुलिंबाखाली नुसत्या गाड्या होत्या. बरे झालेले पाळकसाहेब खचाखच भरलेल्या सतरंज्यांकडे बघतच राहिले. मग रिबकाबाईंकडे वळून हळूच म्हणाले,

"बाई, आशीर्वाद आधी द्यायचा ना?"